सगुणाचा अंगठा

सगुणा तोडणकरला आपला फोटो मारुती मंदिरच्या चौकात लागलाय हे कळलं, ते सगळ्या रत्नागिरीला कळून झाल्यावर.

सोमवारी ती रिक्षातून उतरली, मान वर केली आणि जागीच थिजली. वीस फुटी फलकावर तिचंच तोंड हसत होतं. हनुवटीखाली धरलेले दोन्ही हात लालभडक, साल निघालेले. वर लिहिलं होतं, 'हातांची साल जाते? लपवू नका! आजार घरभर पसरतोय!' खाली एका त्वचारोग दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर. फलक लागून आठ दिवस झाले होते म्हणे.

सगुणाला कसलाही आजार नव्हता. मे महिन्यापर्यंत ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला होती. टरफलाच्या तेलाने बी फोडणाऱ्या प्रत्येक बाईचे हात तसे पोळतात आणि काम सुटलं की भरून येतात. तिचेही आले होते. पण एवढं सगळं फलकावर कोण लिहिणार?

जूनपासून सगुणा आणि तिच्या बचत गटाच्या आणखी आठ बायका एका कॉलेजचं कँटीन चालवत होत्या. फलक लागल्यापासून घावनं तव्याशेजारी थंड व्हायला लागली. मग प्राचार्य मॅडमचं पत्र आलं. पुढच्या सोमवारपर्यंत समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा कँटीन दुसऱ्यांकडे देण्यात येईल.

ते पत्र घेऊन सगुणा गुरुवारी सकाळी कोर्टाबाहेर राजश्री पावसकरच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

राजश्रीने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तेहतीस वर्षं लोकांचे अंगठे घेतले होते. निवृत्तीनंतर घरी बसून करायचं काय, म्हणून ती कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देत असे. माणसं खोटं बोलतात याचं तिला आश्चर्य उरलं नव्हतं. ती इतकं भिकार खोटं बोलतात, याचा मात्र तिला अजून राग यायचा.

"कुठे सही केली होतीस?" तिने विचारलं.

"केलेली की. फोटो काढला त्या दिवशी. फोटोवाल्या अझीमने कागद वाचून दाखवला. काजूच्या पाकिटावर नि पत्रकावर, एक वरीस. मी सही केली. सोमवारी दवाखान्यात आरडाओरडा केला, फोटो उतरवा म्हटलं. काल परत गेले, तर त्यांनी ही झेरॉक्स तोंडावर मारली. तुझी संमती हाय म्हणाले. बाई, ह्याच्यावर अंगठा हाय! मी सातवी शिकलेली. गटाची सचिव हाय मी. मी कशाला अंगठा देऊ?"

राजश्रीने रंगीत झेरॉक्स समोर धरली. वर 'अझीम फोटो स्टुडिओ' असं छापलेलं. तारीख बारा फेब्रुवारी. मजकूर असा की, माझा फोटो कोणत्याही जाहिरातीत, कुठेही, कायमचा वापरायला माझी हरकत नाही. खाली जांभळ्या शाईचा अंगठा. तिने भिंग काढलं. रेघ न् रेघ स्वच्छ उठलेली, फक्त मधून एक तिरपी, दोऱ्याएवढी पांढरी फट गेलेली.

मग तिने सगुणाचे दोन्ही अंगठे शाईवर टेकवून कोऱ्या कागदावर घेतले आणि झेरॉक्सशेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

"हा तुझा नाही," ती म्हणाली.

"सुटले गो बाय!"

"सुटलीस कसली? हे मी म्हणते. सरकारी तज्ज्ञाने म्हणायला सहा महिने जातील. तुझ्या मॅडमनी चार दिवस दिलेत. तोवर कोणालाही डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं."

"मग अझीमला धरा. वर त्याचंच नाव हाय. गोड बोलून केसाने गळा कापला मेल्याने!"

अझीम मुकादमचा स्टुडिओ राम आळीत होता. राजश्रीला बघून तो खुर्चीवरून उठलाच.

"काकी, मी नाही विकला फोटो."

"फॉर्म तुझाच ना?"

"फॉर्म माझा. शूटिंगआधी पाच कोरे फॉर्म मी अजिंक्यच्या एजन्सीला दिले होते. जाहिरातीचं काम तोच बघतो ना काजू कारखान्याच्या नितेशशेटचं. मजकुराची जागा रिकामी असते, जसं काम तसं भरायचं. सगुणाताईंचा मी भरला, त्यांची सही घेतली आणि तो फॉर्म अजिंक्यकडे दिला."

"झेरॉक्स?"

अझीम फरशीकडे बघायला लागला.

"बरं, मोबाइलवर फोटो तरी?"

फरशीच.

"शाब्बास! दिवसाला हजार फोटो काढतोस आणि एका कागदाचा काढवला नाही तुला. कॅमेरा कशाला घेतलास, गळ्यात बांधायला?"

"चुकलं, काकी. पण नितेशशेटशी करार आहे माझा." त्याने घाईघाईने फाइल काढली. "हक्क माझ्याकडे. त्यांनी फक्त पाकिटावर आणि पत्रकावर छापायचं. एक वर्ष."

राजश्रीने करार दोनदा वाचला. "हे एक अकलेचं काम केलंस. हा कागद नसता, तर पैसे देऊन काढून घेतला म्हणून कायद्याने फोटो नितेशचा ठरला असता आणि तू बसला असतास हात चोळत."

"म्हणूनच तर मागे लागला होता अजिंक्य. परवा फोन करून म्हणाला, क्लायंटचा माल आहे, मूळ फाइली सगळ्या आमच्याकडे दे आणि तुझ्याकडच्या पुसून टाक. मी नाही दिल्या."

"मग फलकावर कुठला फोटो आहे?"

"पाकिटासाठी बारीक प्रत दिली होती. एक नितेशशेटला, एक अजिंक्यला. तीच ताणून मोठी केलीय. हात त्यात नखाएवढे आहेत, म्हणून वरून लाल रंग फासलाय. जवळून बघा, कसं फाटलंय सगळं!"

आपल्या कामाची अशी विटंबना झाल्याचं दुःख त्याच्या तोंडावर सगुणाच्या दुःखापेक्षा जास्त दिसत होतं. राजश्रीने त्याकडे कानाडोळा केला.

"मूळ फाइल लाव. हात मोठे कर. अजून मोठे."

पडद्यावर सगुणाचे अंगठे ताटाएवढे झाले. आधी डावा, मग उजवा. पोळून, सोलून, तुकतुकीत झालेले. कोपऱ्यात तारीख होती, बारा फेब्रुवारी. वेळ सकाळची, अकरा चाळीस.

"ह्यावर तू किती वेळ बसला होतास?" राजश्रीने विचारलं.

"हातांवरच? दोन दिवस. उजेड बसवायला."

"ही फाइल कोणी काही म्हटलं तरी पुसू नकोस," ती म्हणाली आणि उठली.

नितेश मयेकरचा काजू कारखाना भाट्याचा पूल ओलांडल्यावर होता. शुक्रवारी सकाळी राजश्री तिथे पोचली तेव्हा बायका रांगेने हजेरीच्या वहीत सह्या करत होत्या. बोट लावून हजेरी घ्यायचं मशीन फळीवर धूळ खात पडलं होतं.

"हे काय, बंद?"

"चार दिवस चाललं, ताई," नितेश म्हणाला. "ह्या बायकांचे अंगठेच घेईना. फुकट गेलं. परत आपली वही."

"सगुणा सही करायची?"

"तर! अक्षर माझ्यापेक्षा बरं तिचं."

"फोटो दवाखान्याला कोणी दिला, नितेश?"

"फोटो माझाच आहे, ताई. पैसे मी मोजलेत," नितेश छाती काढून म्हणाला. मग त्याला प्रश्नाचा रोख कळला. "पण मी कशाला देऊ? माझ्या कारखान्यातल्या बाईचे हात असे रोगट दाखवले, तर माझे काजू कोण खाईल?"

"हे तुला पहिल्या दिवशी कळलं असेल."

"कळलं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"उगाच आपलं नाव कशाला पुढे करायचं? लोकांना थोडंच ठाऊक आहे ती आमच्याकडे होती ते."

राजश्रीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सहा वर्षं ह्याच्यासाठी बी फोडत होती सगुणा. पायाखालच्या मुंगीसाठी माणूस थबकतो, पण ह्याला तेवढंही करवलं नव्हतं. ती निघाली.

अजिंक्य शिर्केच्या एजन्सीत काचेची केबिन, गार हवा आणि भिंतीवर इंग्रजी सुविचार होते. त्याने राजश्रीला बसा म्हणायच्या आधी ती बसली.

"मॅडम, आमचं सगळं प्रोफेशनल असतं," अजिंक्य म्हणाला. "दवाखान्याचा फलक आमचाच. पण रिलीज फॉर्मशिवाय आम्ही एक चेहरा वापरत नाही."

"हा फॉर्म कोणी भरून घेतला?"

"अझीमने. स्टुडिओ त्याचा, फॉर्म त्याचा."

"तू तिथे होतास?"

"अर्थात! मी स्वतः समोर उभा होतो."

"ती तर म्हणते, मी सही केली."

अजिंक्य हसला. राजश्रीला ते हसणं चांगलं ओळखीचं होतं. खेड्यातली माणसं कचेरीत आली की साहेब लोक एकमेकांकडे बघून असं हसायचे.

"मॅडम, काजू फोडणारी बाई आहे ती. काय करणार सही?"

"सातवी शिकलीय. गटाची सचिव आहे. बँकेत तिची सही चालते."

हसणं क्षणभर थांबलं. "असेल. पण त्या दिवशी बोटांची सालं गेलेली होती तिच्या. फोटोत दिसतंयच की! पेन धरवत नव्हतं बिचारीला, म्हणून अंगठा घेतला. माझ्यासमोर."

"म्हणजे बोटं सोलली होती, म्हणून अंगठा?"

"एक्झॅक्टली."

"हे सोमवारी प्राचार्य मॅडमसमोर सांगशील? त्यांना मूळ फॉर्म बघायचाय."

"का नाही? मूळ माझ्याच फाइलला आहे." त्याने खुर्ची मागे रेलली. "मॅडम, मी काही बापाच्या पैशावर आलो नाही. सुरुवातीला फ्लेक्स स्वतः कापलेत कटरने, रात्रीचा दिवस करून. हातावर खुणा आहेत अजून. असल्या बायका उगाच आरोप करतात, त्याने मला फरक पडत नाही."

"शिकलेला माणूस आहेस," राजश्री म्हणाली. "सोमवारी अकराला ये."

सोमवारी अकराला प्राचार्य वेदिका मॅडमच्या खोलीत सगळे जमले. सगुणा दाराशी उभी राहिली, राजश्रीने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. अझीमने लॅपटॉप आणला होता. नितेशला राजश्रीने निरोप धाडला होता, आला नाहीस तर कँटीनच्या दारावर तुझ्या कारखान्याचं नाव लिहीन म्हणून. तो वेळेच्या आधी हजर होता. अजिंक्यने मूळ फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"मी हा फॉर्म बघितला," वेदिका मॅडम म्हणाल्या. "ह्यात संमती स्पष्ट आहे. आणि मुलांच्या आरोग्याचा प्रश्न..."

"मॅडम, आरोग्याचा प्रश्न नंतर. आधी ह्या अंगठ्याचा," राजश्री म्हणाली. "हा सगुणाचा नाही."

"मॅडम, मी समोर होतो," अजिंक्य म्हणाला. "तिची बोटं सोललेली होती, म्हणून..."

"म्हणून अंगठा घेतला. ऐकलंत ना सगळ्यांनी? अझीम, लाव."

लॅपटॉपच्या पडद्यावर अंगठा उभा राहिला. राजश्रीने शेजारी फॉर्म धरला.

"हा फोटो बारा फेब्रुवारीचा. फॉर्मवर तारीख तीच. मॅडम, हे भिंग घ्या. कागदावर रेघा मोजता येतील इतक्या स्वच्छ. आता पडद्यावर दाखवा मला एक रेघ."

वेदिका मॅडम वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. पडद्यावरच्या अंगठ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"बी फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर रेघा राहतच नाहीत. टरफलाचं तेल खाऊन टाकतं. त्या दिवशी ह्या बाईने शंभर वेळा अंगठा टेकवला असता, तरी कागदावर नुसता डाग उठला असता. आता रेघा परत आल्यात तिच्या, आणि त्या वेगळ्याच आहेत. तेव्हा कोणी केला हा उद्योग?"

नितेशने खुर्ची हळूच दाराकडे सरकवली.

"नितेशने नाही. त्याच्या फळीवर हजेरीचं मशीन मरून पडलंय, कारण त्याच्या बायकांचे अंगठे उठत नाहीत. सगुणाची सही त्याने सहा वर्षं बघितलीय. त्याला खोटं करायचं असतं, तर त्याने खोटी सही केली असती. शिवाय असा फलक लागला तर त्याचेच काजू पडून राहणार. नितेश भित्रा आहे, पण स्वतःच्या फायद्यापुरती अक्कल आहे त्याला."

नितेशला हे कौतुक की काय ते कळलं नाही. तो मान हलवून मोकळा झाला.

"अझीमनेही नाही. ह्या बोटांवर त्याने दोन दिवस उजेड बसवलाय. अंगठा कसा आहे ते त्याला पाठ आहे. आणि ज्या फाइलीने पकडला गेला असता, ती त्याने जपून कशाला ठेवली असती? त्याचा गाढवपणा वेगळा. त्याने कागदाची प्रत ठेवली नाही."

अझीम खाली बघायला लागला.

"उरला हा. ह्याच्याकडे हात नखाएवढे होते, म्हणून अंगठा कसा आहे ते ह्याला दिसलंच नाही. दवाखान्याला ताबडतोब चेहरा हवा होता, ह्याच्याकडे सगुणा आयती पडलेली. दिला चिकटवून. तिने आरडाओरडा केला तेव्हा दवाखान्याने संमती मागितली. खरा फॉर्म फाइलला होता, पण त्यात फक्त पाकीट आणि पत्रक. तो फाडला, अझीमचा कोरा फॉर्म घेतला, मागची तारीख टाकली. सही कोणाची करायची? हा विचार करतो, काजू फोडणारी बाई, हिला कसली सही येते! तेवढ्या एका माजावर बुडाला हा. मूळ फाइली पुसायलाही हाच सांगत होता."

"हे सगळे अंदाज आहेत," अजिंक्य म्हणाला. आवाज चढला होता, पण उजवा हात खिशात गेला होता. "फोटोचे राइट्स क्लायंटचे आहेत. एजन्सी त्यांच्या वतीने..."

"फोटोचे हक्क अझीमचे आहेत, करार आहे. आणि फोटो कोणाचाही असू दे, बाईच्या तोंडावर रोग चिकटवायचा हक्क त्यात कुठून आला? राहिला अंदाज. ह्या अंगठ्यावर मधून एक तिरपी फट आहे. कापल्याची जुनी खूण. हात खिशातून काढ."

अजिंक्य हलला नाही.

"फ्लेक्स कापलेस ना कटरने? मोठ्या अभिमानाने सांगत होतास. काढ हात. इथे नाही दाखवलास, तर पोलीस ठाण्यात शाई लावून घेतील. तक्रार लिहून तयार आहे."

अजिंक्यने हात काढला. मूठ आवळलेली होती. वेदिका मॅडमनीच म्हटलं, "उघडा." अंगठ्याच्या पेरावरून पांढरी तिरपी रेघ गेली होती.

"एवढं काय झालं पण?" अजिंक्य पुटपुटला. "चार दिवसांनी कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं."

सगुणाने खुर्ची मागे ढकलली. ती उठली.

"चार दिवस? नऊ घरं चालतात त्या कँटीनवर. पोरं मला बघून ताट खाली ठेवायला लागली. बसमधे बायका उठून दुसरीकडे बसायला लागल्या. आणि तू म्हणतोस काय झालं?" ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "तुला माझं नावपण ठाऊक नव्हतं ना रे?"

अजिंक्यने मूठ परत आवळली.

वेदिका मॅडमनी घसा साफ केला. "सगुणाबाई, तुमची काही चूक नाही हे स्पष्ट झालं. कँटीन तुमच्याकडेच राहील. फक्त थोडे दिवस तुम्ही स्वतः काउंटरवर न बसता आतलं काम बघितलंत तर... मुलांचा गैरसमज आहे ना."

राजश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी शिकलेली बाई, भिंगातून स्वतः बघितलं, तरी हिची बुद्धी आपली जिथल्या तिथे! ती तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणाच बोलली.

"मी आत नाय जाणार, मॅडम. मी आत गेले तर खोटं ते खरं झालं. गैरसमज चौकात झालाय, तो चौकातच निघायला हवा. तेवढाच मोठा फलक, त्याच जागी."

वेदिका मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. "ठीक आहे. आजपासून तुम्हीच बसा काउंटरवर. मी लेखी देते."

अजिंक्यला सुटकेची वाट दिसली. "मी लावतो की! उद्याच लावतो. खुलासा, दिलगिरी, सगळं. सगुणाताईंचा छान हसरा फोटो टाकू, हात एकदम स्वच्छ..."

"माझा नको," सगुणा म्हणाली. "तुझा लाव."

"माझा?"

"तुझा. खाली लिही, ह्या माणसाने खोटा कागद केला, बाईला कसलाच आजार नव्हता."

नितेशला हसू आवरेना. अजिंक्यने राजश्रीकडे बघितलं.

"तक्रार तर होणारच," राजश्री म्हणाली. "ती चुकत नाही. पण कोर्टात उभा राहशील तेव्हा निदान चूक निस्तरली एवढं सांगायला होईल तुला. बघ बाबा. जबरदस्ती नाही. तुझ्या संमतीशिवाय तुझा फोटो कोण लावणार?"

तिने अझीमकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला, सुवाच्य अक्षरात भरला आणि अजिंक्यपुढे सरकवला. अजिंक्यने तो हातात घेतला. वाचला. शेवटापर्यंत जाऊन परत पहिल्या ओळीवर आला. कुठे लागणार, केवढा, कोण छापणार, सगळं त्याने बोट ठेवून ठेवून वाचलं.

"किती दिवस ठेवायचा, ते ह्यात लिहिलं नाही," अखेर तो म्हणाला.

"माझा पंधरा दिवस होता," सगुणा म्हणाली.